वारशाआधीचे कर्ज

शाळांच्या सहली कुठे जातात, याचा एक ठरलेला नकाशा आहे. दौलताबाद, वेरूळ, रायगड, जंजिरा, विजापूरचा गोलघुमट. उर्दू शाळांच्या सहलीही याच रस्त्याने जातात. किल्ल्यावर काय सांगायचे, घुमटाखाली काय सांगायचे, हे आम्हा शिक्षकांना पाठ असते. राजाचे नाव, बांधकामाचे साल, तोफेचे वजन. मुले वहीत उतरवून घेतात, डबा खातात आणि परत येतात. यंदा मात्र आमच्यापैकी काहींनी वेगळेच ठिकाण सुचवले आहे. भिवंडीच्या मुलांना मुंबईच्या गिरणगावात न्यायचे. त्यावर पहिला प्रश्न आला तो असा, की तिथे आता पाहायला काय उरले आहे? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात आला. तिथे जाऊन मुलांना नेमके सांगायचे काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पाहायला थोडेच उरले आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईची पहिली कापड गिरणी काढली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला चालू झाली. पुढची सव्वाशे वर्षे परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी हा सगळा भाग गिरणीच्या भोंग्यावर उठत होता आणि झोपत होता. आता तिथे काही चिमण्या आहेत, काही दगडी भिंती, जुन्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावर उठलेले काचेचे मनोरे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तिची चिमणी तेवढी मॉलमध्ये उभी आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रसंग्रहालय करण्याची योजना महापालिकेने आखली. विद्यार्थ्यांना घेऊन फिरायचे तर एक दिवस पुरेल.

पण किल्ला आणि गिरणी यांत एक मोठा फरक आहे. किल्ल्याच्या दारात उभे राहून आपली मजुरी मागणारा कोणी आज हयात नाही. पाथरवट गेले, गवंडी गेले, राजेही गेले. गिरणीचे तसे नाही. तिथे काम केलेली माणसे अजून आहेत. गिरण्यांच्या जमिनी सुमारे ६०० एकर होत्या. १९९१ च्या विकास नियमावलीत त्यांची तीन भागांत वाटणी ठरली होती: एक भाग मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच राहिली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती हिशेबातून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ साली पहिली सोडत काढली, तेव्हा घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. कित्येक अर्जदार वाट पाहता पाहता अल्लाला किंवा देवाला प्यारे झाले. अशा जागेला 'वारसा' म्हणून मुलांना दाखवायचे, तर त्या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे.

वारसा हा शब्द मराठीत अरबीतून आला. वारिस, विरासत, मीरास ही त्याचीच भावंडे. मुसलमान घरात विरासतीचा प्रश्न येतो तेव्हा त्याचा एक क्रम असतो आणि तो आमच्या अडाणी म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतो. माणूस गेला की त्याने मागे ठेवलेल्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च. मग त्याचे कर्ज. बायकोचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जातच धरायचा. मग एक तृतीयांशाच्या आत वसीयत. आणि एवढे सगळे झाल्यावर जे उरेल ते वारसांचे. कर्ज फिटल्याशिवाय वाटणी नाही. या नियमात आणखी एक बारकावा आहे. मयताचे कर्ज वारसाच्या स्वतःच्या खिशातून फेडायची सक्ती नसते. ते मयताच्या मालातून फिटते. म्हणजे मुलगा बापाच्या कर्जाचा अपराधी नाही. पण कर्जाकडे पाठ फिरवून तो मालाचा धनीही होऊ शकत नाही.

आम्हाला वाटते, औद्योगिक वारशाला हाच नियम लावला पाहिजे. चिमणी सुंदर आहे, दगडी कमान भव्य आहे, तिच्यासमोर उभे राहून अभिमान वाटतो, हे सगळे वाटणीत मिळणारे धन आहे. ते घेण्याआधी त्या मालावर कोणाचे काय देणे आहे, हे विचारायला हवे. मग सहलीची आखणी म्हणजे गाडी, डबा आणि प्रवेशशुल्क एवढेच राहत नाही. देणेकऱ्यांची यादी करणे हे आखणीचे पहिले काम होते.

त्या यादीत पहिली येतात मुले. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात लावण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. याचा सरळ अर्थ असा, की त्याआधी त्याहून लहान मुले त्याहून जास्त तास राबत होती. १८९१ च्या कायद्याने खालचे वय नऊ केले. आमच्या पाचवी-सहावीच्या वर्गातला एकही विद्यार्थी या कायद्यांनी सुटला नसता. रविवारची सुटी मुलांना फार आवडते. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना मिळाली. तोपर्यंत आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. हे ऐकून मुलांना रविवारची किंमत कळली, तर एक लहानसे देणे फिटल्यासारखे होईल.

दुःखाची जागा सहलीसाठी वापरावी का, हा प्रश्न इथे येतोच. आमच्यातल्या एका बाजूचे म्हणणे असे, की मुलांचे हसण्या-खेळण्याचे दिवस असतात, त्यांना रडकथा कशाला? याला उत्तर म्हणून इंग्लंडमधले एक उदाहरण आठवते. मँचेस्टरजवळ स्टायल इथे सॅम्युएल ग्रेग याने १७८४ मध्ये काढलेली क्वॅरी बँक नावाची सूतगिरणी आज संग्रहालय आहे. तिथे यंत्रे दाखवतात, पाणचक्की दाखवतात. त्याबरोबर गिरणीत राबणारी अनाथ व गरीब मुले जिथे राहत, ते घरही दाखवतात. ग्रेग घराण्याचे कॅरिबियन बेटांत गुलामांच्या कष्टावर चालणारे मळे होते, हेही आता सांगितले जाते. त्याने गिरणीची शोभा कमी झाली नाही. पाहणाऱ्याची समज वाढली. आपल्या दावर-पेटिट-ससून-करीमभाई इब्राहिम यांच्या काळातल्या मुंबईच्या भांडवलाचा मोठा हिस्सा चीनशी होणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून उभा राहिला होता. गिरणीमालकांच्या यादीत एक मुसलमान नाव आले म्हणून आम्ही खूश व्हायचे आणि अफूचे नाव गाळायचे, असा हिशेब चालणार नाही.

यादीतले दुसरे देणे अधिक अवघड आहे. हातमाग आणि यंत्रमाग पाहिलेल्या मुलांना धोटा माहीत असतो. कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढायचे. जुन्या गिरण्यांत हे टोक विणकर तोंडाने ओढून घेत असे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. विणकाम खात्यात पगार जास्त होता. सूतकताई खात्यात, जिथे पगार कमी, तिथेच त्यांना जागा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता. एक लाकडी धोटा आणि त्यावर एवढी मोठी भिंत! तोंडाने ओढलेल्या सुताबरोबर कापसाची धूळ फुप्फुसात जात होती, ती जात पाहून जात नव्हती.

याच विणकाम खात्यात आमचे पूर्वजही होते. १८५७ नंतरच्या काळात आझमगड, मऊ, मुबारकपूर, अलाहाबादकडचे मोमीन-अन्सारी विणकर हातमाग बुडाल्यामुळे दक्षिणेकडे आले. काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला, काही मुंबईच्या मदनपुऱ्यात. मदनपुऱ्यातून ते गिरण्यांच्या विणकाम खात्यात गेले. हातात पिढ्यांचे कसब होते, त्यामुळे दार उघडले गेले. ते दार उघडले याचा अभिमान जरूर असावा. पण त्याच वेळी ते कोणासाठी बंद होते, हे विचारल्याशिवाय त्या अभिमानाला हात लावू नये. गिरणगावच्या सहलीत मदनपुरा असायलाच हवा आणि मदनपुऱ्यात उभे राहून धोट्याची ही गोष्ट सांगायला हवी.

स्त्रियांचे देणेही आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई असे. त्यांचे काम मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. पुढे यंत्रे बदलली, नियम बदलले आणि सगळ्यांत आधी त्यांना घरी बसवले गेले. ज्या बायका गिरणीत नव्हत्या, त्या गावाकडून एकट्याने आलेल्या कामगारांच्या खानावळी चालवत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते अशाच बायकांसाठी. भिवंडीत परप्रांतीय कामगार जिथे जेवतो तिला भिशी म्हणतात. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया घरात बसून कांड्या भरतात किंवा कापडाचे धागे कापतात. गिरणीचा इतिहास वाचताना या मुलींना आपल्या आईचे काम पहिल्यांदा 'काम' म्हणून दिसले, तर आम्ही सहल सफल झाली असे मानू.

आता ज्या गोष्टीमुळे दुसरा प्रश्न दबक्या आवाजात आला, तिच्याकडे वळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप वर्षाहून अधिक काळ चालला, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असे कामगार आजही सांगतात. हजारो कुटुंबांनी भांडी विकली, गाव गाठले, मुलांच्या शाळा सोडवल्या. पण त्या काळात बाजारात कापडाचा तुटवडा पडला नाही. का पडला नाही? कारण कापड भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत, सुरतेत विणले जात होते. गिरणीमालकांनीच आपले काम यंत्रमागांकडे वळवले होते. आमच्या गावचे माग रात्रंदिवस चालले. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागही आमच्या कारखान्यांत आले होते. गिरणगावाचा भोंगा बंद झाला आणि भिवंडीची खटखट वाढली. ही दोन गावांची एकच गोष्ट आहे.

तर मग आम्ही गिरणगावात कोणत्या नात्याने जायचे? मातमपुर्सीला, की देणेकरी म्हणून?

आमच्यात यावर दोन मते पडली. एक मत असे, की यात भिवंडीच्या मजुराचा काय दोष? तो स्वतः उपाशी होता. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, ना हजेरीपट ना फंड. परळच्या कामगाराला युनियन तरी होती, याला तीही नव्हती. मालकाने एका गरिबाचे काम दुसऱ्या गरिबाला स्वस्तात दिले. यात गुन्हा असेल तर तो देणाऱ्याचा. दुसरे मत असे, की दोष नसला तरी फायदा झाला हे खोटे नाही. त्या काळातल्या मागांवर घरे बांधली गेली, शाळा उभ्या राहिल्या, आमच्यासारखी पोरे डी.एड., बी.एड. झाली.

आम्हाला दोन्ही मते खरी वाटतात आणि वर सांगितलेला विरासतीचा नियम इथे उपयोगी पडतो. गुन्हा आणि कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा ज्याचा त्याचा असतो, तो मुलांवर येत नाही. कर्ज मात्र मालाबरोबर येते. १९८२ साली आमच्यातले बहुतेक जण पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते. आमचे विद्यार्थी तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले. त्यांना अपराधी वाटावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. त्यांना एवढेच कळावे, की ज्या मागाच्या आवाजात ते लहानाचे मोठे झाले, त्या आवाजात कोणाचा तरी बंद पडलेला भोंगाही मिसळला आहे. कर्ज पैशाने फेडता येत नसेल तेव्हा त्याची कबुली देणे हीच फेडीची पहिली पायरी असते. सावकाराच्या वहीत असो वा मनात, नोंद असली की माणूस सरळ चालतो.

इथे भाषेची एक गोष्ट सांगावीशी वाटते. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. त्यात ऐकणारा येतो की नाही, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठीने मात्र दोन शब्द ठेवले आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवताना या दोन शब्दांत नेहमी घोळ होतो. ती 'आपण' म्हणायच्या जागी 'आम्ही' म्हणतात. आम्हाला वाटते, हा घोळ मोठ्या माणसांचाही आहे. किल्ला त्यांचा, घुमट आमचा. गिरणगाव त्यांचे, मदनपुरा आमचा. शाहीर अमर शेख बार्शीचे. लाल बावटा कलापथकात ते अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या बरोबरीने गिरणगावच्या मैदानांत गात होते. त्यांचे जन्मनाव मेहबूब होते, पण ते आमचे की त्यांचे, असा सवाल त्यांच्यापुढे जमलेल्या हजारो कामगारांनी कधी विचारला नसेल. ते 'आपले' होते. वारशाच्या धनात 'आम्ही' म्हणणे सोपे असते. कर्जात 'आपण' म्हणता आले, तरच वारसा खऱ्या अर्थाने सामाईक होतो.

म्हणून सहलीची आखणी आम्ही अशी करायची ठरवत आहोत. सहलीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच मोहल्ल्यातल्या एका मागवाल्या चाचांशी किंवा कांडी भरणाऱ्या खालांशी बोलायचे. किती तास उभे राहता, कानाला काय ऐकू येते, गावी कधी जाता, एवढे तीनच प्रश्न. उत्तरे उर्दूत लिहायची आणि मग मराठीत. त्यानंतर गिरणगाव. तिथे एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला बोलते करायचे, पण तमाशातल्या वस्तूसारखे समोर उभे करायचे नाही. मुलांनी त्यांना काका म्हणायचे, बसायला जागा द्यायची, आणि आपल्या चाचांची उत्तरे आधी त्यांना वाचून दाखवायची. मग त्यांचे ऐकायचे. बारा तासांच्या पाळीवरचा यंत्रमाग कामगार आणि हक्काची सुटी मिळवणारा गिरणी कामगार, या दोघांच्या मधली बारीक वाट मुले स्वतःच शोधतील. आम्ही व्याख्यान द्यायची गरज नाही.

काही पालक विचारतात, चालते माग घराशेजारी असताना बंद गिरण्या पाहायला इतक्या दूर कशाला? प्रश्न रास्त आहे. आपली एक खोड आहे. चालत्या मागाला आपण गोंगाट म्हणतो आणि तो बंद पडून त्यावर गंज चढला की वारसा म्हणतो. चालता आहे तोवर त्यावरच्या माणसाचे नावही आपल्याला माहीत नसते. भिवंडीतही काळ बदलतो आहे. कित्येक कारखान्यांतले जुने माग भंगारात गेले, कुठे नवे बिनधोट्याचे माग आले, गावाबाहेर मैलोन्मैल गोदामे उभी राहिली. परळला गिरणीचा मॉल झाला, तसा इथे मागाचा गोदाम होतो आहे. उद्या कोणीतरी भिवंडीचा शेवटचा धोटा काचेच्या पेटीत ठेवील आणि त्याखाली साल लिहील. त्या पेटीजवळ कामगारांच्या नावांची एक वही असावी असे वाटत असेल, तर ती आज, माग चालू असतानाच लिहायला घ्यावी लागेल. गिरणगावात मुलांनी हेच शिकून यावे.

पालकांकडून जे संमतीपत्र भरून घेतो, त्यात 'सहलीचा उद्देश' असा एक रकाना असतो. वर्षानुवर्षे तिथे 'ज्ञान व मनोरंजन' असे छापलेले आहे. या खेपेला तो शब्द बदलावा असे आम्ही सुचवले आहे. 'मुलाखत' लिहावे की 'हिशेब' यावर अजून एकमत झालेले नाही. एकमत होईपर्यंत रकाना कोरा ठेवू. परत आल्यावर मुलांनीच तो भरावा.